भग्नवास्तूंतील रहिवासी

१

पडके किल्ले, ओसाड मठ आणि छप्पर गेलेले प्रासाद मुद्दाम पाहावयास जाणे, त्यांच्यापुढे काही काळ स्तब्ध उभे राहणे आणि परतल्यावर त्या अनुभवाचे वर्णन लिहिणे, हा प्रघात इंग्रजी वाङ्मयात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्यापूर्वीही माणसे अशा जागी जात होतीच. पुराणवस्तूंचे अभ्यासक तेथील लेख उतरवून घेत, वंशावळी जुळवीत, दंतकथा टिपून ठेवीत. परंतु केवळ भग्नतेच्या दर्शनासाठी, तिच्यातून लाभणाऱ्या एका विशिष्ट भाववृत्तीसाठी प्रवास करावा ही कल्पना नवी होती. तिने प्रवासवर्णनाला वेगळे वळण दिले, चित्रकलेला विषय पुरविले, कादंबरीला बंद दालने आणि अंधारे जिने दिले आणि इंग्रजी भावकवितेलाही निमित्त पुरविले.

या वाङ्मयाचे एक गृहीतक असे की, भग्नवास्तू रिकामी असते. तिचे मूळ धनी गेलेले, त्यांचा काळ संपलेला, आणि आता तेथे फक्त वारा, वेली आणि पाहुणा. प्रत्यक्षात अशी वास्तू क्वचितच रिकामी असते. तिच्या भिंतींच्या आडोशाने कोणी राहत असते, तिच्या आवारात कोणाची गुरे चरत असतात, तिचे दगड कोणाच्या तरी घराच्या जोत्यात गेलेले असतात. पाहुण्याची आणि या माणसांची गाठ पडते तेव्हा काय घडते, आणि जे घडते ते लेखनात कितपत उतरते, हा या वाङ्मयाच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे. दृश्याच्या वर्णनात सरस ठरणारे लेखन या कसोटीवर कधी कधी उणे पडते, आणि रूक्ष वाटणाऱ्या एखाद्या पानात अनपेक्षित बळ आढळते.

हा प्रश्न तपासण्यासाठी वाय नदीच्या खोऱ्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या या नदीच्या काठी गुडरिच आणि चेप्स्टो हे किल्ले आहेत. त्या दोहोंच्या मध्ये टिंटर्नचा मठ आहे. भारतातील इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला यांपैकी निदान एक नाव परिचयाचे असते. मात्र ‘टिंटर्न अ‍ॅबी’ हे त्याला मठाचे नाव म्हणून नव्हे, तर वर्ड्‌स्वर्थच्या कवितेचे नाव म्हणून ठाऊक असते. आणि त्या कवितेच्या संहितेत मठाचे वर्णन मुळीच नाही. ही गोष्ट वर्गात बहुधा एका वाक्यात सांगितली जाते आणि सोडून दिली जाते. तिचा अर्थ लावावयाचा तर वर्ड्‌स्वर्थच्या आधी त्या मठात जाऊन आलेल्या एका धर्मोपदेशकाच्या लेखनापासून आरंभ करावा लागतो.

२

टिंटर्नचा मठ ११३१ मध्ये चेप्स्टोचा सरदार वॉल्टर द क्लेअर याने सिस्टर्शियन पंथाच्या साधूंसाठी स्थापन केला. आज ज्याचे अवशेष दिसतात ते भव्य चर्च तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. आठव्या हेन्रीने मठांचे विसर्जन आरंभिले तेव्हा ३ सप्टेंबर १५३६ रोजी हा मठ राजाच्या स्वाधीन झाला. छपराचे शिसे उतरवून विकले गेले आणि छप्पर गेल्यावर उरलेले काम पावसाने केले. म्हणजे ही भग्नता काळाने आणलेली नव्हती. एका राजाज्ञेने ती आणली होती; काळाने फक्त तिच्यावर वेली चढविल्या.

या आज्ञेनंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, १७७० च्या उन्हाळ्यात, विल्यम गिल्पिन नावेतून येथे आला. रॉस गावचा धर्मोपदेशक जॉन एजर्टन आपल्या स्नेह्यांना वाय नदीतून नावेने फिरवून आणीत असे. त्यातूनच पुढे रॉस ते चेप्स्टो ही दोन दिवसांची जलयात्रा लोकप्रिय झाली. गिल्पिनचे या प्रवासावरील पुस्तक १७८२ या वर्षाचे. त्याच्या शीर्षकातच लेखकाने आपला हेतू नोंदविला आहे. त्याला प्रदेशाची माहिती द्यावयाची नव्हती. चित्रात शोभेल असे सौंदर्य कोठे आहे आणि कोठे नाही, याची परीक्षा करावयाची होती. या सौंदर्याला मराठीत ‘चित्रोपम’ म्हणता येईल. पुढे फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, इंग्रज प्रवाशांना युरोपची वाट बंद झाली आणि वायची यात्रा अधिकच भरभराटीस आली. हौशी प्रवासी जवळ एक लहान, बहिर्गोल, काळसर आरसा बाळगीत. दृश्याकडे पाठ फिरवून त्याचे प्रतिबिंब या आरशात पाहिले की ते जुन्या निसर्गचित्रासारखे मंद आणि एकसंध दिसे. प्रत्यक्षाकडे पाठ करून त्याचा आस्वाद घेण्याची ही तऱ्हा या अभिरुचीची सारी मर्यादा सांगून जाते.

गिल्पिनची दृष्टी त्या आरशातली होती, परंतु तो लेखक म्हणून प्रामाणिक होता. वायच्या काठचे अलंकार मोजताना तो मठ आणि किल्ले यांच्याच रांगेत लोखंडाच्या भट्ट्या, गिरण्या आणि पूल यांनाही बसवितो. टिंटर्नच्या भिंतींची त्रिकोणी टोके त्याला फार नियमित वाटतात. एखादा हातोडा विवेकाने चालविला तर वास्तू सुधारेल, असेही तो सुचवितो आणि लगेच असे धाडस कोण करील म्हणून माघार घेतो. आतल्या भूमीवरचे पडके दगड हलवून तेथे हिरवळ राखलेली पाहून, दगड विखुरलेलेच असते तर ते अधिक चित्रोपम झाले असते, अशी चुटपुट तो व्यक्त करतो. येथवरचा गिल्पिन आजच्या वाचकाला किंचित हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे.

परंतु यानंतर त्याच्या वर्णनात माणसे येतात. मठाच्या अवशेषांत झोपड्या बांधून राहणाऱ्या लोकांचे दारिद्र्य त्याच्या नजरेस पडते. भीक मागण्यावाचून त्यांना दुसरा उद्योग दिसत नाही असे तो म्हणतो, आणि आळसाला वाहिलेल्या जागी उद्योग पुन्हा कसा नांदावा, असा एक शेराही मारतो. हा शेरा प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचा आहे. साधूंना आळशी ठरविणे ही विसर्जनाच्या समर्थकांची जुनी भाषा, आणि दोन शतकांनंतर तीच भाषा भिकाऱ्यांच्या दारिद्र्याचे कारण म्हणून पुढे केली जाते. मठ बंद झाला तेव्हा त्याच्या आश्रयाने जगणाऱ्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न गिल्पिनला पडत नाही.

पाहुणे निघतात तेव्हा सारी वस्ती दाराशी जमते. प्रत्येकाला अवशेषांचा काही तरी खास भाग दाखवावयाचा असतो. साधूंचे ग्रंथालय दाखविण्याची कबुली देणाऱ्या एका बाईमागून पाहुणे जातात. ती पंगू आहे, दोन काठ्यांच्या आधाराने कशीबशी सरपटत चालते. खाजकुयली आणि काटेरी झुडपे माजलेल्या जागेतून ती त्यांना एका पडक्या ओवरीपाशी नेते आणि हेच ते ठिकाण म्हणून सांगते. ते तिचे घर असते. ग्रंथालयाविषयी तिच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते. जे असते ते तिच्या स्वतःच्या हालअपेष्टांचे. पायाखाली दबणारी ओली जमीन, भिंतींवरून निथळणारी ओल, ती अंगावर पडू नये म्हणून खोलीच्या मध्यभागी ओढलेली खाट आणि तिच्यावर चार चिंध्या. या बाईचे केवळ हातपायच गेले, ती अजून जिवंत कशी, याचेच पाहुण्यांना आश्चर्य वाटते.

या परिच्छेदात एक बारकावा आहे. भिंतींवरच्या ओलीचे डाग नाना रंगांचे आहेत, हे गिल्पिनच्या नजरेतून सुटत नाही. बाहेर याच रंगांनी, शेवाळ्याच्या आणि दगडफुलाच्या याच छटांनी, त्याला आनंद दिलेला आहे. जुन्या दगडावरचे हे रंग चित्रोपम सौंदर्याचा प्राणच मानले जात. खोलीच्या आत तोच डाग रोगट ठरतो. सौंदर्याची भाषा सवयीने पुढे येते आणि तेथे तिला थांबावे लागते. गिल्पिन यावर भाष्य करीत नाही. त्याला ते जाणवले असेल असेही दिसत नाही. परंतु वाचकाला एक गोष्ट लख्ख दिसते: बाहेरून जो अवशेष आहे तो आतून निवारा आहे, आणि जी ओल पाहुण्याचे चित्र रंगविते तीच रहिवाशाचे हाड पोखरते. पुढे तो हेही नोंदवितो की, टिंटर्नचा परिसर निवांत असल्याची ख्याती फक्त मठाच्या अगदी जवळच्या जागेपुरती खरी आहे. अर्ध्या मैलावर लोखंडाचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांचा गलबला आहे. स्वतःच्या सिद्धान्ताला अडचणीचे असलेले पुरावे त्याने लपविले नाहीत. चित्रोपमतेच्या या पुरस्कर्त्याचे पुस्तक आजही वाचनीय ठरते ते या पानांमुळे.

३

वर्ड्‌स्वर्थ वायच्या खोऱ्यात प्रथम १७९३ मध्ये एकटा, पायी आला. दुसऱ्यांदा तो जुलै १७९८ मध्ये बहीण डॉरथी हिच्यासह आला. या दुसऱ्या भेटीची कविता त्याच वर्षीच्या ‘लिरिकल बॅलड्‌स’ या संग्रहात अखेरची म्हणून छापली गेली. तिच्या लांबलचक शीर्षकात स्थळ आणि तिथी दोन्ही आहेत: टिंटर्न मठाच्या वर काही मैलांवर, १३ जुलै १७९८. कवितेत नदी आहे, कडे आहेत, झाडी आहे, कुंपणाच्या रानटी रेषा आहेत, झाडांमधून वर जाणारा धूर आहे. मठ नाही. मठातले भिकारी नाहीत, भट्ट्याही नाहीत. धूर पाहून कवी अरण्यात राहणाऱ्या बेघर भटक्यांची किंवा गुहेत बसलेल्या एखाद्या एकांतवासी साधकाची कल्पना करतो आणि तेथून स्वतःच्या मनाच्या इतिहासाकडे वळतो.

१९८६ मध्ये मार्जरी लेव्हिन्सन यांनी या अनुपस्थितीवर नेमके बोट ठेवले. वर्ड्‌स्वर्थला मठाचा इतिहास, तेथील दारिद्र्य आणि खोऱ्यातील उद्योग ठाऊक असणारच. कवितेची शांतता ही त्या ज्ञानाला बाजूला सारून मिळविलेली आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. एम. एच. अब्रॅम्स यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकांनी या पद्धतीला हरकत घेतली. कवितेत जे नाही त्याचा जाब कवितेला विचारावयाचा, तर कोणतीही कविता दोषी ठरविता येईल, हा त्यांच्या हरकतीचा गाभा म्हणता येईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. काठावरच्या धुराचे निमित्त कोळसा पाडणारे मजूर असतील आणि कवीने तेथे एक साधक बसविला असेल, तर त्या बदलाची नोंद वाचकाने घेतली पाहिजे. परंतु कवितेत बेघर भटके आहेत हेही खरे. त्यांचा उल्लेख एका ओळीपुरता का होईना, पण आहे. त्यांना बोलू दिलेले नाही, एवढाच आक्षेप काटेकोरपणे घेता येतो.

हा आक्षेप एका कवितेवर ठेवून थांबणे मात्र वर्ड्‌स्वर्थवर अन्याय करणारे आहे, कारण त्याच संग्रहात त्याचे उत्तर आहे. ‘वुई आर सेव्हन’ या कवितेतील आठ वर्षांची मुलगी वर्ड्‌स्वर्थला १७९३ मध्ये गुडरिच किल्ल्याच्या आवारात भेटली होती. हे त्याने १८४३ मध्ये इझाबेला फेनविक यांना सांगितलेल्या टिपणांत नमूद आहे. कवितेत किल्ल्याचा मागमूस नाही. प्रवासी मुलीला विचारतो, तुम्ही भावंडे किती? ती सात सांगते. दोघे तर मेली, मग पाचच उरली, असे प्रवासी तिला परोपरीने पटवून देतो. ती आपली संख्या सोडीत नाही. मेलेली भावंडे घरापासून थोड्या पावलांवर पुरलेली आहेत, ती तेथे बसून मोजे विणते, संध्याकाळचे जेवण तेथे बसून जेवते. तिच्या लेखी ती गेलेली नाहीत.

गिल्पिनची बाई आणि वर्ड्‌स्वर्थची मुलगी यांना एकत्र पाहिले म्हणजे एक साम्य ध्यानात येते. दोन्ही ठिकाणी पाहुणा एक प्रश्न घेऊन आलेला आहे आणि रहिवासी त्याला त्याच्या प्रश्नात न बसणारे उत्तर देतो. एकाला ग्रंथालय हवे असते, त्याला एक ओली खोली दाखविली जाते. दुसऱ्याला जिवंतांची गणती हवी असते, त्याला मेलेल्यांसह गणती मिळते. गिल्पिनने ते उत्तर ऐकले आणि तो पुढे चालू लागला. वर्ड्‌स्वर्थने त्या उत्तराची कविता केली आणि वाद मुलीच्या बाजूने संपविला. भग्नवास्तूपुढे माणूस मृतांविषयी चिंतन करतो अशी या वाङ्मयाची रूढी. येथे ते चिंतन पाहुण्याकडून काढून घेऊन एका खेडवळ मुलीच्या हाती दिले आहे. किल्ला वगळण्याचे प्रयोजन येथे पुरेपूर पटते.

याच काळात, १७९७–९८ मध्ये, तो एक दीर्घ कविता लिहीत होता, जी पुढे १८१४ साली ‘द एक्स्कर्शन’च्या पहिल्या सर्गात समाविष्ट झाली. तिच्यातील पडकी वास्तू किल्ला नाही, मठही नाही. ती एका विणकराची झोपडी आहे. वाईट हंगाम, युद्धाने आलेली महागाई आणि आजार यांनी खचलेला विणकर सैन्यात भरती होतो आणि त्याबद्दल मिळालेले पैसे खिडकीत ठेवून न सांगता निघून जातो. त्याची बायको मार्गारेट वर्षानुवर्षे त्याची वाट पाहते. बाग रानटी होते, छपराला भोके पडतात, अखेर ती तेथेच मरते. ही कथा एक वृद्ध फेरीवाला प्रवाशाला सांगतो. भग्नवास्तूला कारण असते, त्या कारणाला तारीख असते आणि ती कोसळत असताना आत कोणी तरी राहत असते, या तिन्ही गोष्टी या कवितेत आहेत. तिच्या शेवटी फेरीवाला भिंतीवरच्या गवतात शांती शोधतो, आणि हे समाधान मार्गारेटच्या दुःखाला पुरते काय, याविषयी वाचकांचे मतभेद राहिले आहेत. ते राहणे योग्यच आहे. टिंटर्नच्या कवितेतील शांततेविषयीचा संशय येथे कवीने स्वतःच वाचकाच्या हाती दिला आहे.

१८४१ मध्ये वर्ड्‌स्वर्थ पुन्हा गुडरिचला गेला. किल्ल्याशेजारी, त्याच डोंगरसोंडेवर, सॅम्युअल रश मेरिक या शस्त्रसंग्राहकाने जुन्या धर्तीचा एक नवा किल्ला उभारलेला होता आणि त्याने जुन्या वास्तूचे गांभीर्य बिघडविल्याची खंत त्याने फेनविक टिपणांत व्यक्त केली. त्या मुलीचा काही माग लागला असता तर मात्र त्याला अधिक आनंद झाला असता. पण तो लागणे अशक्य होते, कारण तिचे नाव त्याने कधी विचारलेच नव्हते. मेरिकचा तो नवा किल्ला १९४९ मध्ये पाडण्यात आला. जुना उभा आहे.

४

भग्नवास्तू पाहण्याच्या या हौसेची थट्टाही त्याच काळात झाली. जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ प्रकाशित झाली १८१७ च्या अखेरीस, परंतु तिचे लेखन बरेच आधीचे आहे. तिच्यातील कॅथरीन ब्लेझ कॅसल पाहावयास मिळणार म्हणून हरखून जाते. तो देशातला सर्वांत जुना किल्ला आहे असे तिला सांगण्यात आलेले असते. वस्तुतः तो १७६६ मध्ये हौसेखातर बांधलेला देखावा होता, आणि हे जाणणाऱ्या वाचकाला तेथे हसू आल्यावाचून राहत नाही. पुढे खऱ्याखुऱ्या मठात राहावयास गेल्यावर तिला भुतांच्या ऐवजी नवे फर्निचर आणि धुलाईच्या याद्या सापडतात. परंतु त्या घराच्या मालकाचा लोभ आणि क्रौर्य खरे निघते. भग्नतेच्या स्वप्नात रमलेल्या नजरेला समोरचे माणूस दिसत नाही, हा ऑस्टिनचा मुद्दा गंभीर आहे.

भग्नवास्तूला राजकीय आवाज देण्याचा प्रयत्नही वायच्या काठीच झाला. पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या आज्ञेवर सही करणाऱ्यांपैकी हेन्री मार्टेन हा चेप्स्टोच्या किल्ल्यात कैदेत होता आणि १६८० मध्ये तेथेच मेला. त्याच्या कोठडीसाठी कोरावयाचा लेख म्हणून रॉबर्ट सदीने एक छोटी कविता लिहिली. ती १७९७ च्या त्याच्या संग्रहात आली. शीर्षकात त्याने कैद तीस वर्षांची सांगितली. वास्तविक ती वीस वर्षांची होती. चुकीचा आकडा आणि भाबडा आवेश असूनही ही कविता झोंबली. त्याच वर्षी ‘अँटी-जॅकोबिन’ या सरकारपक्षीय नियतकालिकाने तिचे विडंबन छापले आणि मार्टेनच्या जागी शिकाऊ मुलीचा छळ करून जीव घेणाऱ्या एका खुनी बाईला बसविले. विडंबन मूळ कवितेपेक्षा अधिक सफाईदार आहे. परंतु ते लिहिण्याची निकड वाटावी, हेच मूळ कवितेचे यश होय. टुमदार अवशेषाला त्याच्या भग्नतेचे किंवा त्यातील बंदिवासाचे कारण विचारले की तो पुन्हा वर्तमानातला विषय होतो.

येथे काळाच्या अंतराचा प्रश्न येतो. रोझ मॅकॉले यांनी १९५३ मध्ये भग्नवास्तूंतील आनंदावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यापूर्वी, १९४१ च्या बाँबहल्ल्यात, त्यांचे स्वतःचे घर आणि सारी पुस्तके जळाली होती. शतकानुशतकांच्या अवशेषांविषयी रसाळपणे लिहिल्यावर ग्रंथाच्या शेवटी त्यांनी नव्या भग्नतेवर एक लहानसे टिपण जोडले. नुकत्याच कोसळलेल्या घरावर वेली नसतात; तेथे जळकट वास असतो आणि ओळखीची भांडी असतात. भग्नता आनंददायक व्हावयास ती दुसऱ्या कोणाची तरी, आणि पुरेशी जुनी असावी लागते.

५

भग्नता दुसऱ्याची असणे आणि आपली असणे यांतील हे अंतर मराठी वाचकाला एका ओळखीच्या स्थळी तपासता येते. वायच्या काठी घडलेली ही नजर इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आली. हॉजेस आणि डॅनियल काका-पुतणे या चित्रकारांनी येथील किल्ले व मंदिरे त्याच दृष्टीने रंगविली. मुंबईत वास्तव्य केलेला जेम्स डग्लस रायगडावर गेला आणि १८८३ च्या आपल्या मुंबईविषयक पुस्तकात त्याने शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था वर्णिली. रान माजलेल्या त्या जागेपुढे उभे राहून, ज्याच्या नावाने एवढा मुलूख ओळखला गेला त्याच्या समाधीसाठी आज कोणी एक रुपयाही देत नाही, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले. यांतील खिन्नता खरी आहे. परंतु तिच्या रचनेत वायच्या काठची सवय आहे: थोर पुरुष गेला, वैभव सरले, आणि आता त्याची आठवण फक्त पाहुण्याला.

टिंटर्नच्या विसर्जनाला गिल्पिनच्या वेळी २३४ वर्षे झाली होती. रायगड इंग्रजांच्या तोफांनी जळून मे १८१८ मध्ये पडला होता; डग्लसच्या पुस्तकाच्या वेळी त्याला ६५ वर्षे झाली होती. येथे भग्नता घडविणारे अजून राज्य करीत होते आणि पाहुणा त्यांच्यापैकीच एक होता. शिवाय आठवण कोणाला नाही, हे त्याचे निदानही चुकीचे होते. जोतीराव फुले यांचा शिवाजी महाराजांवरील पोवाडा १८६९ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. तो राजाला कुळवाड्यांचा, कष्टकऱ्यांचा राजा म्हणून गात होता. डग्लसच्या कानी तो आवाज पडलेला दिसत नाही.

तरीही डग्लसच्या शब्दांनी मराठी समाजाला डिवचले हे निर्विवाद आहे. समाधीच्या जीर्णोद्धाराची मागणी झाली; १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून निधीची चळवळ हाती घेतली आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवाजी महाराजांचे उद्गार म्हणून एक कविता आली. तिच्यात राजा जागा होऊन आपल्या ढासळलेल्या किल्ल्यांकडे आणि देशाच्या दुर्दशेकडे पाहतो. दुष्काळ आणि प्लेग यांचे ते वर्ष होते. त्या सप्टेंबरात टिळकांवर राजद्रोहाचा जो खटला चालला त्यात ही कविता पुराव्यात होती आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वायच्या काठी सदीच्या कवितेचे विडंबन झाले होते. येथे कवितेवर खटला भरला गेला. भग्नवास्तूच्या वतीने कोणी बोलू लागले की तिचा आस्वाद घेणाऱ्यांची स्वस्थता मोडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

परंतु समीक्षेने येथेच थांबू नये. त्या कवितेत बोलणारा भग्नवास्तूचा गतकालीन धनी आहे. पाहुण्याच्या जागी राजा आला, तरी गडाच्या उतारावर नाचणी पिकविणारा, पावसाळ्यात वाट राखणारा माणूस मुकाच राहिला. इतिहासाच्या अभिमानाने लिहिलेल्या पुष्कळशा मराठी दुर्गवाङ्मयात हे घडले आहे. प्रत्येक बुरुजाला एक पराक्रम लाभतो, आणि बुरुजाखालच्या वाडीचा उल्लेख पाणी कोठे मिळते ते सांगण्यापुरता येतो. गिल्पिनच्या चुटपुटीला हसणाऱ्या वाचकाने याचाही विचार करावयास हवा.

याला छेद देणारे लेखन मराठीत आहे. गो. नी. दांडेकर यांनी किल्ल्यांवर आयुष्यभर भ्रमंती केली, ती इतिहासाच्या भक्तीने केली. परंतु त्यांच्या कादंबऱ्यांत किल्ला पाहिला जातो तो त्याच्या आसऱ्याने जगणाऱ्यांच्या घरातून. ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये तुंग किल्ल्याची हवालदारी ही एका कुटुंबाच्या गळ्यात पडलेली जबाबदारी आहे, किल्ला पडका असला तरी मान आणि कर्तव्य पडलेले नाही. ‘माचीवरला बुधा’ मुंबई सोडून राजमाचीच्या पठारावर परततो आणि तेथील झाडापाखरांत एकटा राहतो. त्याच्या दृष्टीने ती माची ऐतिहासिक स्थळ नाही. ते त्याचे घर आहे. दांडेकरांच्या या माणसांवर कधी कधी लेखकाच्या स्वप्नाळूपणाची साय धरते, त्यांच्या भुकेपेक्षा त्यांचा निर्मळपणा अधिक रंगविला जातो, ही उणीव मान्य करावी लागते. टिंटर्नच्या ओल्या खोलीतील थंडी त्यांच्या पानांत क्वचितच शिरते. परंतु पाहुण्याच्या प्रश्नाला रहिवाशाने आपल्या भाषेत उत्तर द्यावे, याची सोय त्यांनी केली.

टिंटर्नचे अवशेष १९०१ मध्ये सरकारने विकत घेतले. पुढे भिंती सांधल्या गेल्या, वेली उतरविल्या गेल्या, आवार स्वच्छ झाले. झोपड्या तर कधीच्याच गेल्या आहेत. आता तेथे गिल्पिनला खुपलेली नियमितता अधिक स्पष्ट दिसते आणि वर्ड्‌स्वर्थच्या कवितेसाठी येणाऱ्या वाचकाला कवितेत नसलेली वास्तू पाहावयास मिळते. साधूंचे ग्रंथालय म्हणून जी जागा एका पंगू बाईने दाखविली होती, तेथे तिच्या वास्तव्याची खूण उरण्याचे कारण नाही. ती खूण दोनशेहून अधिक वर्षे टिकली ती एका प्रवासवर्णनाच्या दोन पानांत, आणि ती लिहिणाऱ्याला त्या वेळी दुसरेच काही पाहावयाचे होते.